एकोणीस नंबरची धून

१

रविवारी सगळ्या कळमनुरीत उजाडायचं सूर्यानं, नीलांबरीच्या घरात मात्र धुनेनं. साडेसातला आईला उठवायचं, तोंड पुसायचं, खुर्चीत बसवून मांडीवर टॉवेल टाकायचा, दुधात कुस्करलेली भाकरी वाटीत घ्यायची आणि मग खिडकीतला छोटा स्पीकर सुरू करायचा. एकदा तिनं क्रम बदलून पाहिला होता. आधी घास भरवला, मग धून. आईनं तो घास अर्धा तास गालात तसाच धरून ठेवला.

आई, म्हणजे गंगूताई, ऐंशीची. दोन वर्षांपासून तिच्या डोक्यातलं एकेक माणूस उठून चाललं होतं. आधी लांबचे नातेवाईक गेले, मग गल्ली गेली आणि गेल्या दिवाळीत नीलांबरीही गेली. "बाई, तुमी कोणाच्या?" आई अगदी अदबीनं विचारायची. "तुमचीच," नीलांबरी म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडायची. एखादा दिवस बरा असला तर आई स्वतःच कपाळाला हात लावून म्हणायची, "डोक्यात मुंग्या आल्यात गं." मुंग्या म्हणजे जुन्या टीव्हीवरचं चित्र गेलं की पडद्यावर ज्या वळवळायच्या, त्या.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, जुनी गाणी ऐकवा. आईचं माहेर नरसीचं, म्हणून नीलांबरीनं अभंग लावले, भजनं लावली, मंगळागौरीची गाणी स्वतः म्हणून पाहिली. आई भिंतीकडं बघत राहिली. मग एका दुपारी शेजारी कुणाच्या तरी मोबाइलवर पूर्वीच्या बातम्यांची धून वाजली, आणि आई खुर्चीतून खणखणीत आवाजात म्हणाली, "निले, कुकर उतरव. बातम्या लागल्या."

नीलांबरीच्या हातातलं पातेलं पडलं. किती महिन्यांनी तिला आपलं नाव ऐकू आलं होतं! नामदेवांच्या गावची लेक, तिला देवाच्या नावानं जाग आली नाही आणि टीव्हीनं आली, यावर गल्ली पोटभर हसली. हसता हसता प्रत्येकानं एकेक धून सुचवलीही.

नीलांबरीचा मुलगा पुष्कर पुण्याला नोकरीत होता. त्यानं शोधून शोधून सगळ्या धुना गोळा केल्या आणि पेन ड्राइव्हमध्ये भरून पाठवल्या. बातम्यांची, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाची, पहिल्यावहिल्या मालिकांची. पुढं केबल आलं तेव्हाच्या, मग रोज रात्री सासू-सुना भांडायच्या त्या मालिकांची लांबलचक शीर्षकगीतं. धून वाजेल तेवढा वेळ आई त्या त्या साली जायची. एकीला म्हणायची, "केबलवाल्याला सांगून ठेव, आवाज येईना." दुसरीला, "त्या सुनंला अक्कल न्हाई, बघ आता पाय घसरंल." धून थांबली की आईही थांबायची. फार तर मिनिटभर वर.

पेन ड्राइव्हमध्ये एकेचाळीस धुना होत्या. नीलांबरी अठरानंतर एकदम वीस लावायची.

२

ती शाळेत कारकून होती. ती शाळेत असताना आईजवळ संगिता बसायची. संगिता त्याच गल्लीत लहानाची मोठी झालेली. सकाळी शेळ्या सोडून यायची, संध्याकाळी बांधायला जायची. एका मंगळवारी नीलांबरी घरी आली तर संगिता दारातच उभी.

"निलाताई, रागावू नगा. आज माझ्या हातून एकोणीस नंबर दाबला गेला."

नीलांबरी चपला काढता काढता थांबली.

"आन् आज्जीनं मला नावानं हाक मारली वो! संगे म्हन्ली, तुझी काळी शेळी व्याली का? पानी मागितलं, भांडं सोताच्या हातानं धरलं. समदं बराबर बोलली. मला तर रडूच आलं." संगितानं पदरानं नाक पुसलं. मग वर बघत म्हणाली, "टाकीवाला आला व्हता का वो आज?"

"नाही. काहून?"

"गच्चीवर कुनीतरी पाइप फिरवून राहिलं व्हतं. कर्र... कर्र. धून चालू व्हती तवर."

संगिता गेल्यावर नीलांबरी बाहेरच्या जिन्यानं वर गेली. अठरा पायऱ्या. गच्चीवर पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या कुरडया आणि चहूकडून कमरेएवढा कठडा. कोपऱ्यात लोखंडी पाइपचा हातभर खुंट होता. या पाइपवर कधीकाळी टीव्हीचा अँटेना होता. केबल आलं त्या वर्षी गल्लीतल्या फुलसिंग वायरमननं तो करवतीनं कापून नेला.

टाकीत पाणी चढताना पाइप कुरकुरतो, तिनं स्वतःला समजावलं. वारा असतो. कबुतरं असतात. कबुतरं पाइप फिरवत नाहीत हे तिलाही कळत होतं, पण मनाची समजूत काढताना माणूस एवढं खोलात जात नाही.

खाली उतरण्याआधी तिनं खुंटाकडं पुन्हा पाहिलं. त्याला भिंतीशी आवळणारी पट्टी गंजून काळी पडली होती. पट्टीखाली फरशीवर मात्र गंजाची ताजी विटकरी पूड पडलेली होती, बोटभर रुंद, गोल.

३

एकोणीस नंबरची ती धून अठ्ठ्याऐंशी सालची. रविवारी सकाळी साडेनऊला एका राणीची मालिका लागायची. राणी कुठली, तिचं पुढं काय झालं, आज गल्लीत कुणालाही सांगता येणार नाही. धून मात्र सगळ्यांना पाठ. आधी बैलांच्या घुंगरमाळांचा आवाज लांबून येतो, मग सारंगी, आणि मग एक बाई नुसता आलाप घेते, शब्द नाहीतच. तो आलाप सुरू झाला की खोलीतली चाळीस माणसं एकदम गप्प व्हायची.

गल्लीत टीव्ही एकच, नीलांबरीच्या बाबांचा. आणि चित्र यायचं ते अँटेनाच्या मर्जीनं. वीस फुटांचा पाइप, त्याचं तोंड नांदेडकडं, पण पट्टी ढिली. कुणीतरी गच्चीवर जाऊन पाइप फिरवायचा, कुणीतरी खिडकीत उभं राहून ओरडायचं. वरून प्रश्न: "आलं का?" खालून उत्तर: "गेलं! थोडं डावीकडं! आलं, आलं... गेलं!" एकदाचं चित्र आलं की वरच्यानं पाइप तसाच धरून ठेवायचा. खालून "आलं, उतर" असं ऐकू आलं की पट्टीच्या फटीत विटेचा तुकडा ठोकायचा आणि खाली यायचं. तुकडा नीट बसला तर चित्र टिकायचं, नाही तर पुन्हा वर. घरोघरी हीच तऱ्हा होती. त्या काळात गावातल्या निम्म्या माणसांनी मालिका गच्चीवरून नुसत्या ऐकल्या असतील.

या घरात वर जायची ती जाई. नीलांबरीची मोठी बहीण, तिची अक्का, सतरा वर्षांची. उंच, धीट, गच्चीच्या काठावरून बेधडक चालणारी. तेव्हा कठडा नव्हता. खिडकीत उभी राहायची अकरा वर्षांची निली.

त्या रविवारी चित्र आलं ते अगदी आरशासारखं. तसं त्याआधी कधी आलं नव्हतं. घुंगरमाळा वाजल्या, सारंगी सुरू झाली आणि निली खिडकीतून सरकून टीव्हीसमोर येऊन बसली. एवढंच. त्यात पाप काय? लेकरू ते. वरून आवाज आला, "आलं का?" तिनं ऐकला. तिला वाटलं, हा आलाप संपू दे, मग सांगते. पुन्हा आवाज आला, "निले, आलं का?" तिसऱ्यांदा आवाज जवळून आला, काठावरून वाकून विचारल्यासारखा. मग वर पाइप कर्र करून फिरला आणि टीव्हीवर मुंग्या आल्या.

काठावरून पडलेल्या जाईला गल्लीतून उचलून नेल्यानंतर सगळ्यांनी निलीला विचारलं, तिनं वरून हाक मारली होती का? ती म्हणाली, "मला ऐकूच आलं न्हाई." आवाज मोठा होता, माणसं खूप होती, लोकांना पटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. नीलांबरीनं ती छत्तीस वर्षं झाकून धरली. नवऱ्याला सांगितलं नाही, तो गेला. बाबांना सांगितलं नाही, तेही गेले.

४

रविवारी तिनं एकोणीस नंबर लावला. आईच्या तोंडून आपलं नाव पुन्हा ऐकायला मिळेल, एवढ्याच लोभानं लावला. लोभ म्हणजे लोभच, त्याला दुसरं नाव नाही.

घुंगरमाळा लांबून आल्या. आईनं मान वर केली. सारंगी सुरू झाली तशी आईच्या डोळ्यांतली धूळ कुणी फडक्यानं पुसावी तशी निघून गेली. तिनं नीलांबरीकडं पाहिलं, पाहतच राहिली.

"निले, केस किती पांढरे झाले गं तुझे."

"आई..."

"आन् अशी वाळली काहून? जेवत न्हाईस का? पुष्कर कुठंय? त्याचं लग्न जमलं का?"

नीलांबरी तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. आईनं तिच्या केसांतून हात फिरवला. मग स्वतःच्या हातानं सगळी भाकरी खाल्ली, बाबांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलली, माहेरच्या विहिरीबद्दल बोलली. जवळा गावच्या बाजारातून आणलेलं हिरवं लुगडं ट्रंकेत कुठं आहे तेही सांगितलं. दोन वर्षं बंद पडलेलं दुकान उघडावं तशी बोलत होती.

कर्र.

छतातून आला आवाज. नीलांबरीनं मान वर केली. कर्र... कर्र. लोखंडावर लोखंड, सावकाश. थोडं डावीकडं. थोडं उजवीकडं. आईनंही वर पाहिलं, पण अगदी सहज, स्वयंपाकघरात कुणी भांडी लावत असल्यासारखं.

"कोण आहे वर, आई?"

"कोण म्हंजे? जाई. पाइप धरून उभी हाय की."

आणि मग वरून, कठड्यापलीकडून, उन्हातून, विचारलं गेलं.

"आलं का?"

नीलांबरीनं झडप घालून स्पीकरची वायरच उपटली. छतावरचा आवाज बंद झाला. खुर्चीत आईचा हात हवेत तसाच राहिला होता. तो हळूहळू खाली आला.

"बाई," आई अदबीनं म्हणाली, "तुमी कोणाच्या?"

५

भित्यापाठी ब्रह्मराक्षस. नीलांबरी दिवसभर हेच घोकत राहिली. धून कुणीतरी जुन्या टेपवरून उतरवली असणार, टेपमध्ये खरखर असणार, आपल्या मनात जे आहे तेच आपल्याला त्यात ऐकू आलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? संगितालाही खरखरच ऐकू आली असेल. संध्याकाळी तिनं पुष्करला फोन केला.

"एकोणीस नंबरमध्ये मधूनच कुणी बोलतं का रे? माणसाचा आवाज?"

"नाही गं. ती तर सगळ्यांत साफ मिळाली. फक्त लहान आहे. बावन्न सेकंद."

"किती?"

"बावन्न सेकंद, आई. एक मिनिटसुद्धा नाही. का गं?"

नीलांबरीनं काही नाही म्हणून फोन ठेवला. वाटी अजून मोरीत तशीच पडली होती. सबंध भाकरी, बाबांचं आजारपण, माहेरची विहीर आणि हिरवं लुगडं. ती कितीही घाईनं हिशेब मांडायला गेली, तरी ते पाऊण तासाच्या आत बसेना. आणि पाऊण तास ती सारंगी थांबली नव्हती.

ट्रंक उघडली. हिरवं लुगडं आई म्हणाली तिथंच होतं.

६

तरीही पुढच्या रविवारी तिनं धून लावली, आणि त्याच्या पुढच्याही. आई परत येत होती, याच्यापुढं बाकी सगळं लटकं होतं. ती कानात कापसाचे बोळे घालून बसायची. आईचं बोलणं ओठांवरून समजून घ्यायची. वरचा प्रश्न कापसातूनही यायचा, पण त्याला उत्तर द्यायचं नाही एवढं तिनं ठरवलं होतं. उत्तर दिलं तर काय होईल हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचं धाडस नव्हतं.

चौथ्या रविवारी आईनं हात पुढं करून तिच्या कानांतले बोळे काढले.

"किती दिवस उभी ठेवशील तिला?"

"कुणाला, आई?"

"सोंग करू नको. हात भरून आले असतील पोरीचे. ऊन बघ किती पडलंय." आईचा आवाज एकदम हळू झाला. "सांगून टाक की, आलं म्हणून."

नीलांबरीची छत्तीस वर्षांची मूठ आपोआप उघडली. "आई, मी त्या दिवशी ऐकलं होतं. तीनदा विचारलं होतं अक्कानं. मी खोटं बोलले. मला गाणं ऐकायचं होतं."

वर कर्र कर्र चालू होतं. सारंगीही चालू होती. आई आपल्या दोन्ही हातांकडं बघत बसली.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "मीबी ऐकलं होतं."

"काय?"

"तिन्ही वेळा ऐकलं. वाटलं, निली सांगंल. निलीचं काम हाय ते. आन् पुन्हा..." आईनं लुगड्याचा काठ मुठीत धरला. "पुन्हा आठवडाभर चूल, धुणं, पाणी. तेवढाच एक आलाप होता गं माझा. तेवढा ऐकू दे म्हणलं."

दोघी मायलेकी एकमेकींचे हात धरून बसल्या. कुणी कुणाला माफ केलं नाही, कारण माफ करणार कोण? ज्या पोरीचा तो हक्क होता, ती वर होती. नीलांबरीला आठवलं, जाईच्या नंतर आईनं कधी रविवारची मालिका पाहिली नाही. दर रविवारी साडेनऊला ती नदीवर धुणं घेऊन जायची आणि धुतलेले कपडेसुद्धा पुन्हा धुऊन आणायची. ते दुःख आहे असं सगळे समजत होते. नीलांबरीही.

"आलं का?" वरून विचारलं. आवाज दमलेला होता. रागाचा नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

७

नीलांबरी उठून खिडकीत गेली. अकरा वर्षांची असताना जिथं उभी राहायची तिथं, गजाला धरून. आवाज फुटला तो अगदी बारीक, पोरीसारखा.

"आलं, अक्का! आलं! उतर आता!"

छतावरची करकर थांबली.

मग जिन्यावर पावलं वाजली. एक. दोन. सावकाश, फार वेळ उभं राहून पाय बधिर झालेलं माणूस उतरावं तशी. नीलांबरी मोजत होती. आई खुर्चीत पुढं सरकून दाराकडं बघत होती, आणि तिचं तोंड पोरी सासरहून येताना आयांचं होतं तसं झालं होतं. पंधरा. सोळा. सतरा. अठरा.

दार उघडंच होतं. दारात सकाळचं ऊन होतं, डोळे दिपवणारं. त्या उन्हात चौकटीवर एक हात आला. सतरा वर्षांचा, सडपातळ. तळवा गंजानं तांबडालाल झालेला, आणि बोटं अर्धवट मिटलेली. त्यांना पूर्ण उघडायचा सराव उरला नव्हता. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या, दोन फुटलेल्या. नीलांबरीनं नजर कोपरापर्यंत नेली. त्याच्या वर नेववली नाही.

"ये गं माझी बाय," आई म्हणाली.

आणि सारंगी फाटली.

आलापात खरखर शिरली. घुंगरमाळा बुडाल्या. स्पीकरमधून नुसता शूऽऽ असा आवाज यायला लागला, आणि नीलांबरी वळून बघते तो आईचा चेहरा जागेवर राहत नव्हता. डोळे होते, पण बघत नव्हते. ओठ हलत होते, शब्द नव्हता. मान एका बाजूला कलली, पुन्हा सरळ झाली, पुन्हा कलली. श्वास अडकल्यासारखा मध्येच थांबत होता आणि धक्का बसून पुन्हा सुरू होत होता. आत्तापर्यंत धून थांबली की आई नुसती परकी व्हायची. हे तसं नव्हतं. हे सगळं चित्रच चाललं होतं.

"आई! आई!" नीलांबरीनं तिचे खांदे धरले. स्पीकर आपटला, वायर काढली, लावली, एकोणीस नंबर पुन्हा दाबला. शूऽऽ.

तिच्या पाठीमागून, अगदी जवळून, टीव्हीसमोर मांडी घालून बसल्यावर जेवढ्या उंचीवरून येईल तेवढ्या उंचीवरून, एक मुलगी म्हणाली,

"गेलं गं."

या घरात "गेलं" म्हटलं की कुणीतरी उठून वर जायचं. याला कधी कुणी कारण विचारलं नव्हतं. वर कुणी पाइप धरला तरच खाली दिसणार. आणि छत्तीस वर्षं जिनं धरला होता, ती आता खाली आली होती. तिनं आणखी किती धरायचा?

नीलांबरी मागं न बघता दारातून बाहेर पडली.

८

गच्चीवर ऊन चांगलंच तापलं होतं. कुरडया कुणीतरी सरकवून ठेवल्यासारख्या एका बाजूला होत्या. तिनं डोळे मिटूनच खुंटाच्या वर हात नेला. फुलसिंगनं पाइप कापून नेला त्याला पंचवीस-सव्वीस वर्षं झाली होती, हे तिला ठाऊक होतं. तरी हाताला लोखंड लागलं. गार, खरबरीत, मनगटाएवढं जाड. तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवलं.

कर्र.

"थोडं डावीकडं," खालून आवाज आला. खिडकीतून. "थोडं... न्हाई, गेलं. मागं घे. आलं, आलं..."

घुंगरमाळा लांबून आल्या. मग सारंगी, स्वच्छ. मग त्या बाईनं आलाप घेतला, आणि त्या आलापात आईचं हसू मिसळलं. खरं, मोकळं, तिच्या चाळिशीतलं हसू. "सरक इकडं," आई कुणालातरी म्हणत होती, "मांडीवर डोकं ठेव. किती गं दमलीस." दुसरा आवाज काहीतरी म्हणाला, आणि दोघी हसल्या.

नीलांबरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. वर उभं राहून सगळं किती स्पष्ट ऐकू येतं, हे तिला आज कळलं. गावातून नांदेडकडं जाणारा रस्ता दिसत होता. खाली गल्लीतून संगिता शेळ्या हाकत चालली होती. तिनं एकदा कपाळावर हात आडवा धरून गच्चीकडं पाहिलं, इकडंतिकडं नजर फिरवली आणि कुणीच नसल्यासारखी पुढं गेली.

फटीत ठोकायला विटेचा तुकडा पाहिजे होता. तिनं पायानं चाचपून पाहिलं. गच्ची तिनंच शनिवारी झाडली होती. एक खडासुद्धा नव्हता. हात जरा सैल केला की खाली सारंगीत खरखर शिरायची आणि आईचं बोलणं अर्ध्यात तुटायचं. ती घाईनं पुन्हा घट्ट धरायची.

खालून "उतर" म्हणतील तेव्हा उतरू. आलाप संपला की म्हणतील. आलाप संपत नव्हता. अंगठ्याच्या खाली तळवा तांबडा व्हायला लागला होता, आणि बोटं आखडायला लागली होती. ती कठड्याच्या बाजूला जरा वाकली. फार नाही.

"आलं का?" तिनं विचारलं.

खाली धून चालू होती. आई आणि अक्का दोघी ऐकत होत्या.

"अक्का, आलं का?"

कुणी काही बोललं नाही. तिला त्यांचा राग आला नाही. असा आलाप चालू असला की माणसाला उत्तर द्यायचं राहून जातं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं पाइप नीट धरला, दंडावर कपाळ घासून घाम पुसला, आणि तिसऱ्यांदा विचारण्याआधी थोडा वेळ वाट बघायचं ठरवलं.